लिव्हर ॲक्शन रायफल

लिव्हर ॲक्शन रायफल : चापाभोवतीच्या कडीला जोडलेला लिव्हर खाली-वर करून काडतूस भरले जाणारी शिकारी रायफल. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत ती अजून वापरात आहे.

यंत्रणेच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. वॉल्टर हंट याच्या १८४९ च्या पेटंटापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मात्र ती रायफल गुंतागुंतीची होती. ल्युइस जेनिंग्ज याने ती सोपी केली. हॉरेस स्मिथ व डॅनिएल वेसन यांच्या १८५४ च्या पेटंटात लिव्हरला जवळपास आजचे रूप आले, म्हणून काही अभ्यासक श्रेय त्यांना देतात. परंतु पुढे व्होल्कॅनिक कंपनीने विकलेल्या या रचनेत गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरलेली असे आणि मारा दुबळा पडे. धातूचे काडतूस वापरणाऱ्या स्पेन्सर व हेन्री या दोन्ही रायफलींचे पेटंट १८६० चे. स्पेन्सरचे मार्चमधले, हेन्रीचे ऑक्टोबरमधले. स्पेन्सरमध्ये घोडा (चाप ओढल्यावर आघात करून काडतूस पेटवणारा भाग) हाताने वेगळा चढवावा लागे. हेन्रीमध्ये रिकामे काडतूस फेकणे, नवे भरणे आणि घोडा चढणे एकाच हालचालीत होई. हा निकष धरल्यास बेंजामिन टायलर हेन्री याचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

हरणाची रायफल म्हणून तिची ख्याती सामान्यतः जॉन ब्राउनिंग याने रचलेल्या विंचेस्टर कंपनीच्या ‘मॉडेल १८९४’ (पुढे ‘मॉडेल ९४’) पासून धरतात. ती प्रथम काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली. निकेलयुक्त पोलादाची नळी व धूरविरहित दारूचे .३०-३० काडतूस १८९५ मध्ये आले, तेव्हा तेच वर्ष धरणे योग्य. या काडतुसाची १७० ग्रेनची (सु. ११ ग्रॅम) गोळी सेकंदाला सु. २,२०० फूट वेगाने सुटते. ईशान्य अमेरिकेच्या दाट रानात हरीण बहुधा शंभर मीटरच्या आतच दिसते. तिथे एवढे पुरते.

नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवण्याच्या पोकळीत) काडतुसे एकापुढे एक राहतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातील, आघाताने पेटणाऱ्या टोपीवर) आदळून स्फोट होऊ शकतो, म्हणून गोळीचे टोक चपटे वा बोथट ठेवतात. आर्थर सॅव्हेज याच्या १८९९ च्या रायफलीत फिरत्या मॅगझिनमुळे ही अडचण नव्हती. अलीकडे हॉर्नडी कंपनीने मऊ पॉलिमर टोकाची काडतुसे आणून पल्ला थोडा वाढवला.

बोल्टची (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्याची) मूठ किंवा खाली लोंबणारे मॅगझिन नसल्याने सुमारे तीन किलोची ही सडपातळ रायफल मध्यावर एका हाताने धरून झुडपांतून चालता येते. लिव्हर अर्धवट फिरवल्यास काडतूस अडकते. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे इथलेच. जुनी विंचेस्टर रिकामे काडतूस वरून फेकत असल्याने दुर्बीण बसवणे अवघड जाई. मार्लिन कंपनीची ‘३३६’ (१९४८) ते बाजूने फेकते. मात्र दुर्बिणीखाली घोडा चढवायला अंगठ्याला जागा कमी पडते, म्हणून घोड्याला बाजूने छोटी दांडी जोडतात.

ओहायोसारख्या राज्यांत हरणांसाठी सरळ भिंतीच्या काडतुसांनाच मुभा आहे. मानेशी निमुळते .३०-३० त्यात बसत नाही; .४५-७० आणि २०२३ मधील .३६० बकहॅमर बसतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकारच बंद आहे.

मॉडेल ९४ च्या सत्तर लाखांहून अधिक प्रती बनल्यावर २००६ मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवन (अमेरिका) येथील कारखाना बंद पडला; पुढे ती जपानमध्ये मिरोकू कंपनीकडे बनू लागली. मार्लिन २०२० पासून रुगर या शस्त्रनिर्मात्या कंपनीकडे आहे.