शेताची कड आणि शेताचं पोट

आमच्या वाडीत यंदा नऊ जणांनी भाताला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) लावायचं ठरवलं, ते रानडुकरांमुळे. रात्री कळप उतरला की सकाळी खाचरात भात आडवं झालेलं असतं आणि चिखलात खुरांचे ठसे. काही घरांनी तीन वर्षं नेमाने राखण, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा मान, दिली होती, तरी तिन्ही वर्षं भात गेलं. श्रद्धा दुखावायची नाही, पण स्पष्ट सांगतो : डुकराला वास कळतो, आवाज कळतो, तारेचा झटका कळतो. राखण कळत नाही.

मग वाद पेटला. तार ज्याने त्याने आपापल्या खाचराभोवती ओढायची, की नऊ जणांनी मिळून एकच? दोघे हटून बसले. "एकच कुंपण घातलं आणि त्याला एका जागी भगदाड पडलं, तर सगळ्यांचंच जाईल. ज्याचं त्याने बघावं." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. मी वही काढली. सोयीसाठी प्रत्येक खाचर ५० मीटर बाजूचं चौकोनी धरलं, म्हणजे साधारण २५ गुंठे. वेगवेगळं कुंपण घातलं तर प्रत्येकाला २०० मीटर, नऊ जणांचं मिळून १८०० मीटर. तीन-तीनच्या तीन ओळी धरून एकच कुंपण घातलं, तर बाजू १५० मीटर आणि कुंपण ६०० मीटर. जमीन तेवढीच, कुंपण तिसऱ्या हिश्शाचं.

सातवी-आठवीत परिमिती आणि क्षेत्रफळ शिकतो, तेव्हाचीच ही गोष्ट. बाजू दुप्पट केली की कड दुप्पट होते, पण पोट चौपट होतं. धोका कडेने आत येतो आणि माल पोटात असतो. याच एका वाक्याने दुसऱ्या महायुद्धात जहाजांचं नुकसान कमी करायची वाट दाखवली.

अटलांटिक ओलांडणारी ब्रिटनची मालवाहू जहाजं काफिल्याने जात. भोवती संरक्षक नौकांचं कडं आणि बाहेर जर्मन पाणबुड्या. मोठा काफिला म्हणजे मोठं सावज, तो वळवायलाही अवघड, अशी नौदलाची जुनी समजूत. म्हणून ४० च्या आसपास जहाजं योग्य मानली जात आणि ६० च्या वर जायला मनाई होती. नौदलाच्या मुख्यालयात तेव्हा पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते (त्यांना पुढे १९४८ चं नोबेल मिळालं, स्वातंत्र्यानंतर संरक्षण-संशोधनाबाबत नेहरूंना सल्ला देणारेही हेच). त्यांच्या गटाने १९४१ आणि १९४२ ची नुकसानीची आकडेवारी काढली. सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांत २.५ टक्के जहाजं बुडाली होती. सरासरी ५४ जहाजांच्या काफिल्यांत फक्त १.१ टक्के.

आकडा योगायोगाचाही असू शकतो, म्हणून त्यांनी कारण शोधलं. माझ्या मते या कथेचा गाभा इथेच आहे, तो सावकाश बघू. पाणबुडीला एखादा काफिला दिसण्याची शक्यता लहान-मोठ्या काफिल्यांना जवळपास सारखीच, कारण अथांग समुद्रात काफिल्याच्या दोन-चार मैल जास्त रुंदीने फारसा फरक पडत नाही. दिसल्यावर ती कडं भेदून आत शिरेल का, हे कडेच्या दर मैलामागे किती संरक्षक नौका आहेत त्यावर अवलंबून. आत शिरलीच तर ती किती जहाजं बुडवणार? तिच्या एका जातीत टॉर्पिडो (पाण्याखालून जाणारे स्फोटक बाण) सोडायच्या पाच नळ्या आणि १४ टॉर्पिडो असत. लक्ष्यं काफिल्यात नेहमीच तिच्या ताकदीपेक्षा जास्त, मग तो ४० जहाजांचा असो की ८० चा. म्हणजे बुडणारी जहाजं जवळपास तेवढीच, फक्त ती मोठ्या संख्येतली.

आता कडं बघा. ८० जहाजांच्या काफिल्याची कड ४० च्या काफिल्यापेक्षा केवळ एक सप्तमांशाने जास्त भरते. नुसत्या वर्गमुळाच्या हिशेबाने ती ४१ टक्क्यांनी वाढायला हवी. पण संरक्षक नौका जहाजांपासून ठरावीक मैल दूर चालतात आणि ते अंतर दोन्हीकडे तेवढंच राहतं, म्हणून एकूण कडेतली वाढ आणखी कमी दिसते. समजा २४० जहाजं आहेत आणि ३० संरक्षक नौका. सहा काफिले केले तर प्रत्येकाला पाच नौका. तीन केले तर प्रत्येकाला दहा, आणि कड जेमतेम वाढलेली. कडेच्या दर मैलामागे राखण पाऊणपट वाढली. शिवाय पाणबुडीच्या नजरेला पडू शकणारे काफिले सहाचे तीन झाले. दोन्ही फायदे एकदम, आणि एकही नवी नौका न बांधता.

शिफारस करण्यापूर्वी ब्लॅकेटनी स्वतःला एक प्रश्न विचारला होता : माझी मुलं पाठवायची असती तर मी त्यांना कुठल्या काफिल्यातून पाठवलं असतं? उत्तर 'मोठ्या' असं आलं, तेव्हाच त्यांना आपल्या गणिताची खात्री पटली. १९४३ च्या वसंतात नौदलाने काफिले मोठे केले.

भगदाडाच्या शंकेचं उत्तर यातच आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत खाऊन-तुडवून किती नासणार? त्याला मर्यादा आहे, टॉर्पिडोंना होती तशी.

धंद्यातही हेच. एक मीटर बाजूच्या, हजार लिटरच्या चौकोनी टाकीला सहा चौरस मीटर पत्रा लागतो; तेवढंच पाणी १२५ लिटरच्या आठ टाक्यांत भरायचं तर बारा. रासायनिक कारखान्यांत ढोबळ नियमच आहे, की क्षमता दुप्पट केली तर खर्च साधारण दीडपट होतो.

मात्र सगळीकडे हे डोळे मिटून लावू नये. धोका आत शिरल्यावर वाढत असेल तर गणित उलटतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या शेडमध्ये एकत्र कोंबड्या असणं हाच धोका होता. पाणबुडीला आत पिल्लं होत नाहीत, विषाणूला होतात.

कड आणि पोटाचा हा हिशेब आपल्या पीकविम्यातही लपलेला आहे, आणि तो उलगडून दाखवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा. विम्यासाठी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगात शेतात दोरी लावून एक तुकडा आखतात, त्यातलं पीक कापून मळतात, वजन करतात आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढतात. १९४० च्या दशकात दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस प्रशिक्षित माणसांकडून लहान तुकडे कापून घेण्याच्या बाजूचे होते, त्यात श्रम आणि पैसा वाचतो. लहान तुकड्यात उत्पन्न फुगून येतं हे त्यांनीही पाहिलं होतं. सुखात्म्यांनी प्रयोग करून ही फूग किती मोठी असते ते दाखवलं आणि मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला.

कारण दोरीपाशी बसल्यावर कळतं. एखादं रोप दोरीच्या बरोबर खाली असतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. विळा धरलेला हात ते आत ओढतो. समजा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटरची चूक झाली. एक मीटरच्या चौकोनात क्षेत्र २१ टक्के जास्त कापलं जातं, दहा मीटरच्या चौकोनात दोनच टक्के. विम्यात उंबरठा उत्पन्नापेक्षा (आधीच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीपेक्षा) महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, उत्पन्न कमी आलं तरच भरपाई मिळते. म्हणजे दोरीवरची मूठभर रोपं आत गेली की आख्ख्या मंडळाचे पैसे जाऊ शकतात. आता उपग्रह आणि एआय आले, कापणी प्रयोगांची गरज संपली, असं काही जण उत्साहाने सांगतात. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, दाण्याचं वजन दिसत नाही. त्याचा अंदाज पडताळायला शेवटी कोणीतरी दोरी लावून भात कापावंच लागतं.

वाडीत एक कुंपण ठरलं, पण मधल्या खाचराचा मालक म्हणाला, "माझी तर बाहेरची कडच नाही. मी कशाचे पैसे देऊ?" तो खरंच बोलत होता. कडेच्या हिशेबाने कोपऱ्यातल्या चौघांना १०० मीटर येतात, बाजूच्या चौघांना ५०, त्याला शून्य. पण एकट्याने घातलं असतं तर त्यालाही २०० मीटर तार लागली असती. दोन बैठका झाल्या. शेवटी गुंठ्यामागे वर्गणी ठरली, प्रत्येकाच्या वाट्याला ६७ मीटरचा खर्च आला, आणि मधल्याने स्वतःहून मशीनची बॅटरी आपल्या मांगरात (शेतातल्या खोपीत) ठेवायचं कबूल केलं. संध्याकाळी सातला मशीन चालू करायचं काम आता त्याच्याकडे आहे.