याहूचे पत्र आणि शांघायचा प्रयोग

फेब्रुवारी २०१३ मध्ये याहू या अमेरिकी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना एक अंतर्गत पत्र पाठवले आणि घरून काम करण्याची सवलत त्या वर्षीच्या जूनपासून बंद होणार असल्याचे कळवले. पत्र गोपनीय होते, पण ते लगेच बाहेर फुटले. उत्तम निर्णय आणि कल्पना अनेकदा येता-जाता किंवा कॅन्टीनमध्ये झालेल्या बोलण्यातून निघतात आणि घरून काम केल्याने वेग व दर्जा या दोहोंना बऱ्याचदा मुकावे लागते, असा त्यातील युक्तिवाद होता. मरिसा मेयर यांनी जुलै २०१२ मध्ये गूगल सोडून याहूची सूत्रे हाती घेतली, तेव्हा कंपनीची घसरण बरीच पुढे गेलेली होती. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही कंपनी शोधसेवेत गूगलच्या, तर जाहिरातींत गूगल आणि फेसबुक या दोघांच्याही मागे पडली होती, आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेण्यासाठी देऊ केलेले सुमारे ४४.६ अब्ज डॉलर तिने नाकारले होते. पूर्णवेळ घरून काम करणारे लोक मात्र, त्या वेळच्या बातम्यांनुसार, जवळपास १२ हजार कर्मचाऱ्यांत काही शेच होते. आपल्याकडे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे म्हणतात. याहूचे पत्र म्हणजे तसाच बंब होता का, हे ठरवायचे कसे?

सोपे उत्तर असे की, परिणाम पाहावा. २०१७ मध्ये याहूचा मूळ व्यवसाय व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने सुमारे ४.४८ अब्ज डॉलरना विकत घेतला, म्हणजे २००८ च्या देकाराच्या जेमतेम दहाव्या हिश्शात. त्यावरून निर्णय फसला असे म्हणायचा मोह होतो. पण मेयर यांच्या काळात याहूचा शेअर बराच वाढलाही होता. मग निर्णय यशस्वी ठरला असे म्हणायचे का? त्या वाढीचे मुख्य कारण वेगळेच होते. याहूने २००५ मध्ये अलीबाबा या चिनी कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता आणि त्या हिश्शाचे मोल फुगत गेले होते. थोडक्यात, विक्रीची किंमत आणि शेअरचा भाव यांपैकी कशावरूनही त्या पत्राचा गुण किंवा दोष वेगळा काढता येत नाही. त्यासाठी हवी असते अशी दुसरी याहू, जी सर्व बाबतींत पहिलीसारखी आहे, पण जिच्या कर्मचाऱ्यांना हे पत्र मिळालेले नाही. अशी कंपनी अर्थातच अस्तित्वात नसते, पण एकाच कंपनीच्या आत तिची प्रतिकृती उभी करता येते.

गंमत म्हणजे नेमके तेच काम शांघायमध्ये आधीच होऊन गेले होते. सीट्रिप ही तेव्हा सुमारे १६ हजार कर्मचाऱ्यांची प्रवास-आरक्षण कंपनी. शहरातील जागेचे भाडे आणि कॉल सेंटरमधून सतत सोडून जाणारी माणसे या दोन्ही गोष्टींनी ती त्रस्त होती. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग त्या काळात स्टॅनफर्डमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होते, आणि तिथले प्राध्यापक निकोलस ब्लूम यांच्यासह त्यांनी एक प्रयोग आखला. घरून काम करण्यास तयार असलेल्यांपैकी २४९ जण अटींत बसले. स्वतंत्र खोली आणि चांगले इंटरनेट हवे, कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत, अशा त्या अटी होत्या. मग ज्यांची जन्मतारीख सम आहे त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवले आणि विषम तारखेच्या लोकांना कार्यालयातच ठेवले. जन्मतारखेचा कामसूपणाशी काही संबंध नसल्यामुळे दोन गट आपोआप सारखे झाले, आणि नंतर त्यांच्यात जो फरक दिसेल तो जागेमुळेच पडला असे म्हणण्याची सोय झाली.

नऊ महिन्यांनंतर घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यातील सुमारे ९ टक्के वाढ कमी सुट्ट्या व कमी विश्रांती यांमुळे प्रत्यक्ष कामाची मिनिटे वाढल्याने झाली, तर उरलेली दर मिनिटाला अधिक फोन हाताळल्याने. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. दुसऱ्या बाजूला, कामगिरी सारखी असूनही घरच्या लोकांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले, आणि पुढे निवडीची मुभा मिळताच घरच्या गटातले सुमारे निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतले. या प्रयोगावरचा निबंध प्रसिद्ध झाला तो मार्च २०१३ मध्ये, म्हणजे याहूच्या पत्रानंतर अवघ्या काही आठवड्यांत.

तथापि, ‘घरून काम जिंकले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. फोनवर आरक्षण घेण्याचे काम एकट्याचे असते आणि ते मोजता येते. मेयर यांचा दावा एकट्याने उरकण्याच्या कामाबद्दल नव्हता. तो माणसामाणसांत होणाऱ्या देवाणघेवाणीबद्दल होता, आणि त्या दाव्याला आधार आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते की, दोन अभियंत्यांच्या टेबलांतले अंतर वाढते तसे त्यांचे आपसांतले तांत्रिक बोलणे झपाट्याने कमी होते, आणि सुमारे ५० मीटरपलीकडे ते जवळजवळ उरतच नाही. (एकाच इमारतीत वेगळ्या मजल्यांवर बसणाऱ्यांनाही हे लागू पडते, ही बाब लोकांना परत बोलावणारे सहसा सांगत नाहीत.) कोविडच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संपर्कांचा अभ्यास झाला, तेव्हा सर्वजण घरी गेल्यावर आपापल्या गटातले संबंध घट्ट झाले, पण गटागटांमधले पूल कमी झाले असे आढळले. चुकीच्या दिशेने निघालेल्या कंपनीला हे पूलच सर्वांत जास्त हवे असतात.

भारतातला पुरावा तर शांघायच्या अगदी उलट आहे. चेन्नईत डेटा एंट्रीचे काम करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे घर आणि कार्यालय यांत वाटून दिले, तेव्हा घरच्या लोकांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली, आणि या तफावतीचा दोन तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी दिसला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्यांना घरून काम हवे होते त्यांचेच घरी गेल्यावर जास्त नुकसान झाले. त्यांना घर का हवे असते, हे घराघरातल्या बायकांना विचारले तर निबंध वाचण्याची गरज पडू नये: मुले आणि म्हातारी माणसे सांभाळायची असतात, आणि स्वतंत्र खोली नसते. शांघायच्या प्रयोगात त्या खोलीची अट होती, हे इथे आठवावे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे अडचणीतल्या कंपनीकडे येऊ. पिट्सबर्ग विद्यापीठातील दोन संशोधकांनी अमेरिकेतील बड्या कंपन्यांचे परत बोलावण्याचे आदेश तपासले. ज्यांचा शेअर आधी घसरला होता अशा कंपन्या असा आदेश जास्त काढतात, असे त्यांना आढळले. आदेशानंतर कर्मचाऱ्यांचे समाधान घटले, पण नफा किंवा कंपनीचे मूल्य यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. सुधारणा दिसली असती तरी ती आदेशाच्या खात्यावर टाकता आली नसती. ताप सर्वांत चढलेला असतो तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो, आणि तिथून तो बहुधा उतरतोच. श्रेय मात्र शेवटच्या गोळीला मिळते. व्यवसायाची आकडेवारीही तळाला गेल्यावर पुष्कळदा आपोआप थोडी वर येते, आणि कठोर आदेश नेमके त्याच वेळी निघतात.

माझ्या मते कंपनीला खरा धोका उत्पादकतेतल्या पाच-दहा टक्क्यांपेक्षा राजीनाम्यांचा आहे. सवलत काढून घेतल्यावर कोण जाते? ज्याला बाहेर दुसरी नोकरी सहज मिळते तो. त्याच संशोधक-गटाने पुढे तंत्रज्ञान आणि वित्त क्षेत्रांतल्या कंपन्या तपासल्या, तेव्हा अशा आदेशानंतर गळती वाढल्याचे आणि त्यात स्त्रिया, वरिष्ठ आणि कुशल लोक जास्त असल्याचे दिसले. काही कंपन्यांना नोकरकपातीचा हा बिनखर्चाचा मार्ग वाटतो. पण या कपातीत कोणी जावे हे कंपनी ठरवत नाही, जाणारा ठरवतो. भरभराटीतली कंपनी असा तोटा सोसू शकते. जिला मोजक्या चांगल्या अभियंत्यांच्या बळावर पुन्हा उभे राहायचे आहे, तिने हा जुगार खेळण्यापूर्वी आपल्या आजाराचे कारण शोधावे. चुकीचे उत्पादन, हातचा गेलेला ग्राहक आणि प्रमुखपदाची सतत रिकामी होणारी खुर्ची यांपैकी काहीही हजेरीपटाने बरे होत नाही. नव्या लोकांचे शिकणे आणि गटांमधली तुटलेली बोलणी हा आजार असेल, तर मात्र ठरावीक दिवशी सगळ्यांनी एकत्र बसण्याचा उपयोग होऊ शकतो, आणि तो होतो की नाही हे मोजताही येते.

ते मोजण्याचे काम पुन्हा त्याच शांघायच्या कंपनीने केले. तिचे नाव आता ट्रिप डॉट कॉम झाले होते. २०२१-२२ मध्ये तिने १,६१२ कर्मचाऱ्यांना जन्मतारखेनुसारच विभागले आणि एका गटाला बुधवार व शुक्रवार घरून काम करू दिले. या वेळी प्रयोगात कॉल सेंटर नव्हते. अभियंते होते, विपणन आणि हिशेबाची माणसे होती. पुढच्या दोन वर्षांतले कामाचे मूल्यमापन, बढत्या आणि अभियंत्यांनी लिहिलेल्या कोडच्या ओळी यांत फरक आढळला नाही. राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले, आणि ही घट स्त्रियांत व लांबून प्रवास करणाऱ्यांत ठळक होती. हिंजवडीच्या कोंडीतून जाणाऱ्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. प्रयोगात ३९५ व्यवस्थापकही होते. अशा व्यवस्थेने उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा प्रयोगाआधीचा अंदाज होता. सहा महिन्यांनी त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ती १ टक्क्याने वाढते, असे सरासरी उत्तर आले.