१२१ गुण म्हणजे प्रवेश नव्हे

‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेश-परीक्षा उत्तीर्ण झाली की ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षेच्या निकालावर मुले निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेची, जागा मिळालीच, हा समज इंग्लंडमधील अनेक मराठी घरांतही रुजलेला आहे. ऑक्टोबरात निकाल हाती येताच पेढे वाटले जातात आणि १ मार्चला, शाळा जाहीर होतात त्या दिवशी, भलत्याच शाळेचे नाव आले की दहा वर्षांच्या मुलाला काय सांगावे, हे आईवडिलांना सुचत नाही.

बकिंगहॅमशायर परगण्यात १२१ प्रमाणित (वयाचा फरक धरून काढलेले) गुण मिळवणारे मूल पात्र ठरते, एवढेच. पात्र मुले जागांहून अधिक झाली की शाळेचे प्रवेश-निकष लागू होतात, आणि त्यांत बहुधा शाळेचे ठरलेले क्षेत्र व घराचे अंतर पाहिले जात असल्याने, १२१ गुणांचे जवळचे मूल आत जाऊन १३५ गुणांचे दूरचे मूल बाहेर राहू शकते. उत्तर लंडनमधील बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स स्कूल ही ग्रामर स्कूल मात्र प्रामुख्याने गुणानुक्रमानेच जागा देते.

म्हणूनच सरावसंच आणण्याआधी प्रत्येक शाळेचे निकष वाचावेत. ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायच्या अर्जात, जिथे प्रवेश मिळण्याची खरी शक्यता आहे अशी जवळची एक सर्वसाधारण, म्हणजे प्रवेश-परीक्षा न घेणारी, शाळाही अवश्य लिहावी. तिला खालचा क्रमांक दिल्याने वरच्या शाळेची संधी कमी होत नाही, कारण पसंतीक्रम पाहून प्रवेश ठरवण्यास शाळांना मनाई आहे.