अँथोसायनिन की अँथोसायनिडिन? एका ‘डि’ने बदलणारा हिशेब

सोलापुरात डाळिंबाचा रस काढून विकणाऱ्यांच्या हाती एका प्रयोगशाळेकडून ‘अँथोसायनिन’चा आकडा येतो, दुसरीकडून ‘अँथोसायनिडिन’चा. बरेच जण टायपिंगची चूक समजून दोन्ही आकडे शेजारी मांडतात आणि मग रस एकच असताना एवढी तफावत कशी, म्हणून भांडतात. ही टायपिंगची चूक नाही. ही दोन वेगळी द्रव्यं आहेत.

अँथोसायनिडिन म्हणजे रसाच्या लाल रंगद्रव्याचा नुसता गाभा. त्या गाभ्याला साखर जोडली की झालं अँथोसायनिन. डाळिंबाच्या दाण्यात मुख्य गाभे तीन: डेल्फिनिडिन, सायनिडिन आणि पेलार्गोनिडिन. प्रत्येकाला ग्लुकोजचा एक किंवा दोन रेणू चिकटलेले असतात. साखरेवाचून हा गाभा पाण्यात नीट विरघळत नाही आणि लवकर मोडतो, म्हणून झाड तो साखर लावूनच पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रस साठवायच्या पिशवीत, साठवतं. त्यामुळे ‘भगवा’ जातीच्या ताज्या डाळिंबाच्या रसात जे असतं ते जवळपास सगळं अँथोसायनिनच. ‘ताज्या रसात भरपूर अँथोसायनिडिन’ असं लेबल दिसलं, तर लिहिणाऱ्याचा गोंधळ झालाय असं धरायला हरकत नाही.

नाव ग्रीक आहे. ‘अँथोस’ म्हणजे फूल, ‘कायनॉस’ म्हणजे गडद निळा. जर्मनीत मार्क्वार्ट यांनी १८३५ मध्ये फुलांच्या निळ्या रंगद्रव्यासाठी हा शब्द घडवला; पुढे लाल-जांभळी भावंडंही त्याच नावाखाली आली. सायनाइडचं नावही याच ‘कायनॉस’वरून पडलंय, पण नातं तेवढंच. ‘सायनिडिन’ वाचून कुणी दचकायचं कारण नाही, त्यात सायनाइड नसतं. गाभ्यांची नावं झाडांवरून पडली आहेत: डेल्फिनियमवरून डेल्फिनिडिन, पेलार्गोनियमवरून पेलार्गोनिडिन, पेटुनियावरून पेटुनिडिन.

‘डि’ असेल तर साखर नाही, हा नियम बीटातही चालतो: बीटानिन साखरेसह, बीटानिडिन साखरेविना. (बीटाचा रंग मात्र अँथोसायनिन नव्हे, ते कुळच वेगळं.) सगळीकडे हा नियम लावू नका. कांद्यातल्या क्वेर्सेटिनच्या नावात ‘डि’ नाही, तरी तो साखरेविनाचाच गाभा आहे.

आता आकड्यांकडे. एका ग्लुकोजसह सायनिडिनचा रेणुभार ४४९.२, नुसत्या सायनिडिनचा २८७. म्हणजे पहिल्याचे १०० मिलिग्रॅम हे दुसऱ्याचे सुमारे ६४ मिलिग्रॅम. दोन ग्लुकोज असतील तर रेणुभार ६११, आणि १०० चे उरतात ४७. रस तोच, दाणे तेच.

अँथोसायनिन मोजण्याची रुळलेली पद्धत दोन पीएचची (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). रसाचा एक भाग पीएच १.० च्या द्रावणात, दुसरा ४.५ च्या द्रावणात, दोन्हीकडे सारखाच पातळ करायचा. पहिल्यात रंग लालभडक होतो, दुसऱ्यात जवळजवळ उडतो. दोन्हींचं शोषण, म्हणजे द्रावण किती प्रकाश गिळतं ते, ५२० आणि ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजायचं. ५२० मधून ७०० वजा करायचे, मग पीएच १.० च्या उत्तरातून ४.५ चं उत्तर वजा करायचं. रस दहापट पातळ केला, १ सेंटिमीटरची कुपी वापरली आणि उत्तर ०.६० आलं, तर ०.६० × ४४९.२ × १० × १००० भागिले २६,९००, म्हणजे लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम. (४४९.२ हा एका ग्लुकोजसह सायनिडिनचा रेणुभार, २६,९०० हा तो किती प्रकाश शोषतो याचा ठरलेला आकडा, १० म्हणजे दहापट पातळ केल्याचे, आणि १००० ग्रॅमचे मिलिग्रॅम करायला.) जुन्या, तापवलेल्या रसातला तपकिरी झालेला रंग दोन्ही पीएचला जवळपास तसाच राहतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. या पद्धतीचं खरं मोल इथेच आहे.

चुका होतात त्या अशा. रस गढूळ राहिला की ७०० चा आकडा फुगतो, तेव्हा आधी गाळून घ्या. द्रावणं करून तासन्‌तास ठेवली की रंग बदलतो. २० ते ५० मिनिटांत वाचन उरका. आणि सूत्रात ४४९.२ च्या जागी २८७ घातले, तर नाव अँथोसायनिनचं राहतं आणि आकडा गाभ्याचा येतो. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती कागदावर दिसतच नाही.

अँथोसायनिडिन मोजायचं तर रस हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून साखर तोडावी लागते. तापवताना थोडा गाभाही मोडतो, म्हणून ६४ च्या जागी त्याहून कमी आलं तर नवल नाही.

‘प्रोअँथोसायनिडिन’ हे तिसरंच. द्राक्षाच्या बियांच्या कॅप्सूलवर ते नाव असतं. ते स्वतः बिनरंगी. आम्लात तापवलं की त्यातून लाल अँथोसायनिडिन सुटतं, म्हणून आधी ‘प्रो’. डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा मात्र मुख्यतः प्युनिकॅलाजिनचा. डाळिंबाच्या ‘प्युनिका’ या शास्त्रीय नावातून ते नाव आलंय. फळ सालीसकट दाबलं की प्युनिकॅलाजिन रसात उतरतं आणि ‘एकूण अँटिऑक्सिडंट’ वाढतं, पण त्या वाढीला दाण्याच्या लाल रंगाचं श्रेय देता येत नाही.

अहवालावर ‘सायनिडिन-३-ग्लुकोसाइडच्या मापात’ (म्हणजे एका ग्लुकोजसह सायनिडिन, तोच ४४९.२ वाला) असं लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर प्रयोगशाळेला दोनच गोष्टी विचारा: रेणुभार कोणता धरला, आणि मोजण्याआधी नमुना आम्लात तापवला होता का.