आरएचसीएसएचे सराव प्रश्न

आरएचसीएसए ही रेड हॅट कंपनीची लिनक्स सर्व्हर ॲडमिनची परीक्षा, कोड ईएक्स२००. हिचे सराव प्रश्न म्हणजे चार पर्यायांतून टिक मारायचे प्रश्न नव्हेत, कारण पेपरात एमसीक्यू नसतातच. समोर चालू मशीन देतात, कामांची यादी देतात, वेळ तीन तास, ३०० पैकी २१० आले की पास. इंटरनेट बंद असतं पण मॅन पेज, म्हणजे मशीनमधलंच कमांडचं मॅन्युअल, उघडता येतं, त्यामुळे कमांड आठवलीच नाही ही सबब तितकीशी चालत नाही.

प्रश्न कुठलाही असो, केलेलं काम रीबूटनंतर टिकायला हवं. सर्व्हिस नुसती स्टार्ट केली, इनेबल करायची, म्हणजे बूटला आपोआप सुरू होईल असं करायचं राहिलं, की मार्क गेले. फायरवॉलमधे पोर्ट उघडला पण परमनंट लावलं नाही, तरी तेच. सगळ्यात वाईट म्हणजे बूटला काय काय माउंट करायचं ते लिहिलेल्या एफएसटॅब फाईलमधली चुकीची ओळ, मशीन सरळ दुरुस्तीपुरत्या इमर्जन्सी मोडमधे जाऊन बसतं आणि बाकी बरोबर केलेलं सगळं पण त्यात अडकतं. म्हणून रीबूटच्या आधी ‘माउंट’ कमांड ‘ए’ ऑप्शन लावून एकदा मारून बघायचीच.

एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटायची सोय, त्यावरचा ठरलेला प्रश्न असा: १६ एमबी एक्सटेंटचा (एक्सटेंट म्हणजे जागेचा ठरावीक तुकडा) व्हॉल्यूम ग्रुप करा आणि त्यात ५० एक्सटेंटचा लॉजिकल व्हॉल्यूम काढा. इथे कमांडला स्मॉल एल ऑप्शन द्यायचा, म्हणजे ८०० एमबी होतात. घाईत कॅपिटल एल दिला तर तो ५० एमबी समजतो, वर एक्सटेंटच्या हिशोबात बसवून ६४ करतो, आणि एरर काहीच येत नाही, म्हणजे कळतही नाही काय बिघडलं ते.

दुसरा आवडता प्रश्न वेब सर्व्हरचा. अपाचे ८२ पोर्टवर चालवायचाय आणि तो सुरूच होत नाही, कॉन्फिग दहा वेळा वाचलं तरी चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच. कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं ते ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा म्हणजे एसईलिनक्स, तिच्या वेब पोर्टच्या यादीत ८० आणि ८१ आधीपासून असतात, ८२ नसतो, तो ‘सीमॅनेज’ कमांडने घालावा लागतो. मग सर्व्हिस उठते, तरी बाहेरून पेज दिसत नाही, कारण फायरवॉल अजून बाकीच असतो! इथे लोक चिडून एसईलिनक्सच बंद करून टाकतात, पण तो चालू ठेवूनच काम करून दाखवायचं असतं.

रूट पासवर्ड रीसेटचा प्रश्न पाठच करून ठेवतात, ग्रबमधे, म्हणजे बूटच्या मेनूत, ‘ई’ दाबून वगैरे, आणि शेवटी ऑटोरीलेबलची रिकामी फाईल बनवायला विसरतात, जिच्यामुळे एसईलिनक्स फाईलींची लेबलं पुन्हा लावतं. मग नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

परीक्षेचे विषय कंपनी स्वतः जाहीर करते, त्यावरून सेट बनवलेले चांगले. खरे पेपर म्हणून विकतात ते डंप मात्र टाळावेत, पेपर बाहेर न सांगण्याच्या करारावर परीक्षार्थीची संमती घेतलेली असते, शिवाय आकडे नि नावं बदलली की पाठांतर गडबडतं.

सरावाला पूर्वी सेंटओएस, म्हणजे रेड हॅटसारखंच फुकट लिनक्स, वापरायचे, पण सेंटओएस ८ चे अपडेट ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झाले, आता तशीच रॉकी किंवा अल्मा लिनक्स टाकतात. व्हर्च्युअलबॉक्समधे दोन मशीन पुरतात. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवावा, पण मशीन बूट झालं नाही की लगेच मागे जाऊ नये, आधी इमर्जन्सी मोडमधूनच उठवून बघावं.