विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय आणि घरात अजून प्रोजेक्ट ठरत नाहीये

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच, "विज्ञान प्रदर्शनासाठी नावे द्यावीत." मुलं नाव देऊन मोकळी होतात आणि धावपळ सुरू होते आईबाबांची. युट्यूबवर शोधाशोध, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, आणि तेवढाही वेळ नसेल तर स्टेशनरीच्या दुकानात रंगवलेलं, वायर जोडलेलं तयार मॉडेल मिळतंच, पैसे द्या आणि घेऊन जा.

मी तालुक्याच्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जातो, त्यामुळे पुढचा भाग मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसतो. ज्वालामुखी, सिरिंजचा जेसीबी, स्मार्ट डस्टबिन, पवनचक्की, पुन्हा ज्वालामुखी. आपण टेबलासमोर उभं राहिलो की पोरगं ताठ होतं आणि सुरू, "नमस्कार, माझे नाव अमुक, माझ्या प्रकल्पाचे नाव तमुक, साहित्य, कृती, उपयोग..." एका दमात. मध्येच थांबवून विचारलं की बाळा, हे करताना तुला आधी माहीत नसलेलं काय कळलं, तर ते आधी सरांकडे बघतं आणि मग मागे उभ्या असलेल्या बाबांकडे.

मॉडेल करणं वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, हाताने काही बनवणं चांगलंच. पण मॉडेलला एक प्रश्न चिकटलेला हवा, ज्याचं उत्तर गुगलवर आयतं नाही आणि घरात मोजून मिळू शकतं. पालकांनी मदत करायचीच असेल तर ती इथे करावी, प्रश्न बारीक करायला. "प्रदूषण" हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. "आमच्या गच्चीवर रस्त्याच्या बाजूला जास्त धूळ बसते का मागच्या बाजूला", हे मोजता येतं, पांढऱ्या कागदाला व्हॅसलिन लावून ठेवायचं आणि भिंगाखाली एका चौकोनात किती कण पडले ते मोजायचे.

आता तो बिचारा ज्वालामुखीच घ्या. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की कार्बन डायऑक्साईड सुटतो आणि लाल रंगाचा फेस वर येतो, सगळे टाळ्या वाजवतात. गंमत अशी की हे मॉडेल ज्या टेबलावर ठेवलंय त्याच्या खाली, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली खरा लाव्हा थिजून पडलाय, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि तो बहुतेक असल्या टोकदार डोंगरातून आला नव्हता, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून थरावर थर पसरत गेला. माळशेज घाटात उभं राहिलं की कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. मग फेसाचा डोंगर करण्यापेक्षा परिसरातले पाच-सहा काळे दगड गोळा करा, त्यात एखादा भोकाभोकांचा नक्की सापडेल, ती भोकं म्हणजे लाव्हातून निघालेल्या वायूचे बुडबुडे. प्रत्येकाचं वजन करा, पाण्यात बुडवून किती पाणी सरकलं ते मोजा, वजनाला त्या पाण्याच्या मापाने भागा, ही झाली घनता. घट्ट बसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या या काळ्या दगडाची, घनता पाण्याच्या तिपटीच्या आसपास येते, बुडबुडेवाल्याची कमी. खर्च शून्य, आणि भूगोलाचे सर पण खूश.

जेसीबीचं पण तसंच. दोन सिरिंज, मध्ये नळी, पाणी भरलं की एक दाबली की दुसरी उचलते, पास्कलचा नियम, म्हणजे बंद पाण्यावर एकीकडे दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. इथे थांबू नका, एकीकडे ५ मिलीची आणि दुसरीकडे २० मिलीची लावा, दोन्ही दट्ट्यांचे व्यास मोजा, आणि छोटीवर किती वजन ठेवलं की मोठीवरचं किती उचललं जातं ते बघा, मग पाणी काढून नुसती हवा भरून तेच करा. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, हे पोराला बोटांना जाणवतं, ते पुस्तकातून कधीच जाणवणार नाही. स्मार्ट डस्टबिनमधला सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. हात पुढे केला की झाकण उघडतं हे सगळेच दाखवतात, पण समोर टॉवेल धरला तर? पुठ्ठा तिरका धरला तर किती अंशांनंतर सेन्सर फसतो? कोनमापक घ्या आणि मोजा, झाला की प्रोजेक्ट. फसलेला सेन्सर का फसला हे सांगणारं पोरगं मला नुसतं झाकण उघडून दाखवणाऱ्यापेक्षा शंभर पटींनी आवडतं.

एका प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलीचं टेबल होतं, शोभेचं काहीच नाही, दोन मडकी, एक स्टीलचं पातेलं, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि कव्हर फाटलेली वही. प्रश्न एवढाच की माठात पाणी गार होतं ते नेमकं कशामुळे, मातीमुळे की पाझरण्यामुळे? आजी म्हणते माती थंड असते. हे तपासायला तिने कुंभाराकडून एकसारखी दोन मडकी आणलेली, एक तसंच ठेवलं आणि दुसऱ्याला बाहेरून ऑइलपेंट फासला म्हणजे माती तीच पण पाझरणं बंद. पातेलं तुलनेला. तिन्हींत दोन-दोन लिटर पाणी, तिन्ही एकाच सावलीत, एकाच पंख्यासमोर सारख्या अंतरावर, आणि दर अर्ध्या तासाने तापमान. रंग दिलेलं मडकं आणि पातेलं जवळजवळ बरोबरीने चालले होते, साधं मडकं मात्र खाली खाली गेलेलं. वहीत एका ठिकाणी आकडे खाली यायचे थांबले होते आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं, "इथे लाईट गेली". पंखा बंद, मडक्याभोवतीची दमट हवा हलेना, बाष्पीभवन मंदावलं. तिने ती ओळ खोडली नव्हती यासाठीच मी तिला निम्मे मार्क देऊन टाकले असते.

हा प्रयोग कुणालाही करता येईल आणि यात हिशोब पण मस्त बसतो. दोन लिटर पाणी एका अंशाने गार करायचं म्हणजे २,००० कॅलरी उष्णता बाहेर काढायची. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात (दहावीच्या पुस्तकात ५४० आहे, तो १०० अंशाला उकळणाऱ्या पाण्याचा आकडा, घरातल्या तापमानाला थोडी जास्त लागते). म्हणजे दर अंशाला साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर पाणी उडायला हवं, पाच अंश गार झालं तर सतरा-अठरा ग्रॅम. आता मडकं काट्यावर ठेवा, घट त्याहून जास्त दिसेल. इथे मुलं हिरमुसतात, "प्रयोग चुकला" म्हणतात, आणि नेमक्या याच वेळी बाबा आकडे "नीट" करायला बसतात. कृपा करून बसू नका! विचारा, जास्त पाणी का उडालं असेल? मडकं बाहेर उष्णता टाकत असताना भोवतालची गरम हवा त्याला सतत उष्णता देत पण असते, ती पण परत बाहेर काढायची तर जादा पाणी खर्च होणारच. हे उत्तर पोराने स्वतः शोधलं, दोन दिवसांनी का होईना, तर त्याला परीक्षकाची भीती उरत नाही.

थोड्या कामाच्या गोष्टी. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो माणसाच्या अंगाच्या तापमानापुरताच असतो, शाळेच्या प्रयोगशाळेतला मागून घ्या किंवा फिश टँकवाल्याकडे मिळणारा डिजिटल घ्या. दोन-तीन थर्मामीटर वापरणार असाल तर आधी सगळे एकाच बादलीत बुडवा, एकसारखं दाखवतात का बघा, बहुतेक वेळा नाही दाखवत, मग तो फरक वहीत लिहून ठेवा. नवं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून मग वापरा. आणि एकदा करून थांबू नका, तीन वेगळ्या दिवशी करा, कारण एका दिवसाच्या आकड्यांवर कुणीही शंका घेऊ शकतं.

पालकांनी काय करायचं? कुंभाराकडे घेऊन जायचं, गॅस, ब्लेड, सोल्डरिंग असलं काही असेल तिथे जवळ बसायचं, रात्रीचं रिडिंग घ्यायला जाग ठेवायची. तक्ता मुलाच्याच अक्षरात राहू द्या, शुद्धलेखनाच्या चुका चालतात, फ्लेक्स प्रिंट करू नका. पाठांतर करून घेऊ नका, त्यापेक्षा रोज जेवताना घरातल्या एकेकाने त्याला एक उलटा प्रश्न विचारावा. आजोबा या कामात फार पटाईत असतात, त्यांना काहीच पटत नाही.

बाकी स्पर्धेचं म्हणाल तर शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशी पायरी असते आणि वर एनसीईआरटीचं, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, राष्ट्रीय प्रदर्शन. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर मानक योजना वेगळी, तिथे शाळेमार्फत कल्पना ऑनलाइन पाठवायची, सहावीपासूनची मुलं चालतात, निवड झाली तर मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधीच काढून ठेवलेलं बरं, नाहीतर ऐनवेळी बँकेत चकरा. ज्यांना जास्त दिवस चालणारा अभ्यास करायचाय त्यांच्यासाठी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद, १९९३ पासून चालू आहे, तिथे गावातल्या, परिसरातल्या प्रश्नावर गटाने काम करायचं असतं. स्वस्तातल्या खेळण्यांमधून विज्ञान बघायचं असेल तर अरविंद गुप्तांची वेबसाइट उघडा, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यातून काय काय होतं ते बघून लहान मुलं तासन्‌तास गुंततात, आणि मोठीही.

तालुक्यातून पुढे गेलं की मडक्याच्या प्रोजेक्टला एक प्रश्न हमखास येणार, "हे सगळीकडे असंच होईल का?" नाही होत. हवा जितकी कोरडी तितकं बाष्पीभवन जोरात. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमलचं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा, तो जिथे थांबेल ती त्या हवेतली गारव्याची हद्द, माठ साधारण तिच्या जवळपास जाऊ शकतो, खाली नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या आसपास येतो, म्हणजे पाणी गार व्हायला सतरा अंशांची जागा. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो २८ वरच अडकतो, जागा जेमतेम पाच अंशांची. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत तोच कूलर लावला तर नुसतं चिकचिक होतं, त्याचं कारण हेच.

प्रदर्शनं येतात थंडीत, तेव्हा हे फरक उन्हाळ्याइतके मोठे दिसत नाहीत, पण दिसतात. मामा रत्नागिरीला असेल आणि आत्या अकोल्याला, तर दोघांकडच्या भावंडांना फोन करा, एकाच दिवशी, दुपारी एकाच वेळी, एकसारख्या मडक्यात दोन लिटर पाणी ओतून रिडिंग घ्यायला सांगा, सोबत ओल्या थर्मामीटरचं पण. तीन गावांचे आकडे एका तक्त्यात आले की जिल्ह्याच्या परीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर तयार.