ब्लूफिन ट्यूना मासेमारीचे नियमन

ब्लूफिन ट्यूनाच्या जाती तीन: अटलांटिक, पॅसिफिक आणि सदर्न. कोकणच्या बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून मिळणारे मासे याच कुळातले, पण ते ब्लूफिन नव्हेत. या नोंदीत मुख्यतः अटलांटिक जातीचा विचार केला आहे, कारण नियमनाचे अपयश आणि यश दोन्ही तिथे सर्वांत ठळकपणे दिसले.

हा मासा तीन मीटरांपर्यंत वाढतो. १९७९ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळ गळाला लागलेला एक मासा ६७९ किलोंचा भरला होता. ही जात अख्खा अटलांटिक ओलांडते, त्यामुळे एकट्या देशाचा कायदा तिला पुरत नाही. १९६६ मध्ये रिओ दि जानेरोत झालेल्या करारातून ‘आयकॅट’ हा आंतरराष्ट्रीय आयोग उभा राहिला. करार १९६९ मध्ये अमलात आला आणि आयोगाचे कार्यालय माद्रिदला आहे. ४५ अंश पश्चिम रेखांश ही सीमा धरून आयोग माशांचे दोन साठे, म्हणजे दोन स्वतंत्र समूह, मानतो. पूर्वेकडचा साठा मुख्यतः भूमध्य समुद्रात अंडी घालतो, पश्चिमेकडचा मेक्सिकोच्या आखातात. पकडताना मात्र दोन्ही साठे मिसळलेले सापडतात, म्हणून ही वाटणी सोयीपुरतीच.

भूमध्यात शिरणाऱ्या माशांची वाट अडवून त्यांना जाळ्यांच्या चक्रव्यूहात घेण्याची ‘अल्माद्राबा’ पद्धत स्पेनच्या बार्बाते, कोनिल, साहारा आणि तारिफा या गावांत आजही चालते. साठ्यावर खरा ताण आला तो पर्ससीन नौकांमुळे (या थव्याला जाळ्याने घेरून जाळ्याचा तळ आवळतात), आणि १९९० च्या दशकात फोफावलेल्या पिंजऱ्यांमुळे. पर्ससीनमध्ये घेरलेला थवा मारत नाहीत. तो जिवंतच पिंजऱ्यात घालून हळूहळू ओढत नेतात आणि तारली, बांगडे, हेरिंग चारून त्याच्यावर जपानी बाजारासाठी चरबी चढवतात. मासा धक्क्यावर उतरतच नाही, मग वजन करायचे कुठे? कोटा फसण्याचे मूळ इथे होते. २००७ मध्ये पूर्वेकडचा कोटा २९,५०० टन होता. प्रत्यक्षात सुमारे ६१,००० टन मासे पकडले गेले असावेत, असा अंदाज आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचा सल्ला तर १५,००० टनांच्या आत राहण्याचा होता.

मार्च २०१० मध्ये दोहा येथील ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा मोनॅकोचा प्रस्ताव ६८ विरुद्ध २० मतांनी पडला. बंदी टळली, तरी धाक उरला. २०११ साठी कोटा १२,९०० टनांवर आणला गेला. पर्ससीनचा हंगाम आधीच काही आठवड्यांपुरता उरला होता, विमानातून थवे हेरण्यास मनाई होती आणि काही अपवाद वगळता ३० किलोंखालील मासा धरणे बेकायदा होते.

मोजणीचा प्रश्न कॅमेऱ्याने बराचसा सुटला. जाळे आणि पिंजरा एकमेकांना जोडून मधले दार उघडतात. पलीकडे जाणाऱ्या माशांचे पाण्याखाली चित्रीकरण होते आणि नौकेवरचा निरीक्षक ते पाहून मासे मोजतो. पुढे फार्मच्या पिंजऱ्यात सोडताना दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने माशांची लांबी मोजतात आणि तिच्यावरून वजन काढतात. आकडा परवानगीपेक्षा जास्त निघाला, तर जादा मासे सोडून द्यावे लागतात. पकडण्यापासून विक्रीपर्यंतचा प्रवास २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक दाखल्यावर नोंदला जातो. तरीही पळवाटा उरल्याच. २०१८ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस यंत्रणेच्या ‘तारान्तेलो’ कारवाईत ८० टनांहून अधिक बेकायदा ट्यूना जप्त झाला.

साठा सावरला, आणि तो अपेक्षेपेक्षा लवकर सावरला. लहान मासे वाचले, त्यांना वाढायला अवधी मिळाला. २०२२ मध्ये आयोगाने कोटा ठरवण्याचे सूत्रच आधी मान्य करून घेतले: साठा किती आहे हे सुचवणारे आकडे त्या सूत्रात घालायचे आणि निघेल तो आकडा पाळायचा. त्यानुसार २०२३ ते २०२५ साठी दरवर्षी पूर्वेकडे ४०,५७० टन, तर पश्चिमेकडे २,७२६ टन ठरले. दरवर्षीची रात्रभर चालणारी घासाघीस त्यामुळे बरीच कमी झाली. माझ्या मते कॅमेऱ्याइतकीच मोलाची सुधारणा ही.

सदर्न ब्लूफिनसाठी असे सूत्र २०११ मध्येच स्वीकारले गेले होते. पॅसिफिक ब्लूफिनची अवस्था सर्वांत बिकट होती. २०१० च्या सुमारास त्याचा प्रजननक्षम साठा मासेमारीपूर्व पातळीच्या जेमतेम २ टक्के उरला होता. ३० किलोंखालील माशांची पकड निम्म्यावर आणल्यावर २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२१ मध्येच, ठरल्यापेक्षा दशकभर आधी गाठले गेले. आता जपानच्या किनाऱ्यावरील स्थिर जाळ्यांत इतर माशांबरोबर ट्यूना शिरतो, आणि कोटा संपला असेल तर मच्छीमारांना तो जिवंत सोडून द्यावा लागतो.